गंधपेशींची नवी पिढी



२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात कोविडच्या तापाने मलाही गाठले. ताप चार दिवसांत उतरला, अंगातली कणकणही गेली. परंतु वास मात्र जो गेला तो परत येईना. सकाळचा आल्याचा चहा नुसता गोड गरम पाणी वाटे. विलगीकरण संपल्यावर एके दिवशी मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो, आणि गॅसवर ठेवलेले दूध उतू जाऊन, आटून, पातेले काळे होईपर्यंत मला पत्ता लागला नाही. मुलगी वरच्या मजल्यावरून धावत आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही इथेच होता ना?" पुढच्या आठवड्यात शेगडीचे बटण अर्धवट उघडे राहिले, तेव्हाही तिच्याच नाकाने घर वाचविले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. ती सगळी योजना माझ्यापुरती निरुपयोगी झाली होती.

पाच आठवड्यांनी फोडणीतल्या हिंगाचा अगदी पुसट वास आला. त्या दिवशी झालेला आनंद मी विसरणार नाही. पण आनंदामागून एक प्रश्नही आला. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक; शाळेत असताना जीवशास्त्रात एवढे पक्के शिकलो होतो की, चेतापेशी एकदा मेली की तिच्या जागी नवी येत नाही. वास ओळखणाऱ्या पेशी तर चेतापेशीच असतात. मग माझा वास परत आला कसा? या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, ते आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

नाकाच्या छपरावर

आपण श्वास घेतो तेव्हा हवेचा थोडासा भाग नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या टोकाला जातो. तेथे प्रत्येक बाजूस काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे एक पातळ अस्तर असते. त्यास आपण घ्राणपटल म्हणू. याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी. एवढ्याशा जाडीत तीन प्रकारच्या पेशी मुख्यतः आढळतात.

पहिल्या गंधपेशी. या खऱ्याखुऱ्या चेतापेशी होत. प्रत्येकीचे एक टोक नाकाच्या पोकळीकडे असते व त्यावर बारीक केसांसारखे तंतू चिकट स्रावात पसरलेले असतात. दुसऱ्या टोकातून एक लांब अक्षतंतू निघतो. तो डोक्याच्या कवटीतील चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून वर जाऊन मेंदूच्या पुढच्या भागातील गंधकंदात पोहोचतो. दुसऱ्या आधारपेशी. नावाप्रमाणेच त्या गंधपेशींना आधार देतात आणि त्यांचा परिसर स्वच्छ ठेवतात. तिसऱ्या तळपेशी. या अस्तराच्या तळाशी, पायाच्या दगडांसारख्या बसलेल्या असतात. आपल्या गोष्टीच्या खऱ्या नायिका याच.

गंधपेशीच्या तंतूंवर ग्राही नावाची प्रथिने असतात. वासाचा रेणू ग्राहीमध्ये बसला की पेशीत विद्युत्-स्पंद निर्माण होतो. ही ग्राही बनविणारी जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चे नोबेल पारितोषिक त्यांना या कामासाठी मिळाले. माणसात अशी कार्यक्षम जनुके सुमारे ४००, तर उंदरात १,००० च्या वर आहेत. यातील एकेक गंधपेशी सामान्यतः एकाच प्रकारचे ग्राही बनविते. एका प्रकारच्या पेशी घ्राणपटलावर विखुरलेल्या असल्या, तरी त्यांचे अक्षतंतू गंधकंदात ठरलेल्याच मोजक्या गुच्छांत येऊन मिळतात. टेलिफोनच्या हजारो तारा वेगवेगळ्या घरांतून निघून एक्स्चेंजमध्ये आपापल्या खुंटीवर जाव्यात, तसाच हा प्रकार.

जुनी पाने, नवी पालवी

आता विचार करा. डोळ्यातील किंवा कानातील संवेदी पेशी शरीराच्या आत सुरक्षित असतात. गंधपेशी मात्र सरळ बाहेरच्या हवेला तोंड देत उभ्या असतात. धूळ, धूर, विषारी वायू, जिवाणू, विषाणू या सर्वांचा मारा त्यांना सोसावा लागतो. साहजिकच त्या फार काळ टिकत नाहीत. उंदरात पुष्कळशा गंधपेशींचे आयुष्य एक ते तीन महिन्यांचे असते. काही मात्र वर्षभरही जगतात. जुन्या गेल्या की तळपेशींतून नव्या तयार होतात. झाडाची पिकली पाने गळावीत आणि नवी पालवी फुटावी, तसे हे चक्र चालते.

हे कळले कसे? येथे भौतिकशास्त्राने मदत केली. पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या डीएनएची नवी प्रत तयार करते आणि त्यासाठी थायमिडीन नावाचा पदार्थ वापरते. या थायमिडीनमध्ये साध्या हायड्रोजनऐवजी ट्रिटियम हे त्याचे किरणोत्सारी समस्थानिक घातले, तर त्या वेळी दुभंगणाऱ्या पेशीवर जणू शिक्का बसतो. नंतर उतीचा पातळ काप छायाचित्रणाच्या रसायनाखाली ठेवला की शिक्का असलेल्या पेशींवर काळे ठिपके उमटतात. ट्रिटियममधून निघणारे बीटा-कण अत्यंत दुर्बल असल्याने ते सहसा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनपलीकडे जात नाहीत. म्हणून ठिपका नेमका कोणत्या पेशीचा, हे सांगता येते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत पास्क्वाले ग्राझियादेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने प्राण्यांवर प्रयोग केले. प्रथम शिक्का तळपेशींवर दिसला. काही दिवसांनी तोच शिक्का वरच्या थरातील गंधपेशींवर आढळला. म्हणजे तळपेशींच्या पोटी गंधपेशी जन्मतात, हे सिद्ध झाले.

मोठ्या माणसातही असे घडते काय? मध्यमवयीन माणसांच्या घ्राणपटलातील एकेका पेशीतील जनुकांचे काम तपासून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वपेशी, अर्धवट वाढलेल्या गंधपेशी आणि पूर्ण वाढलेल्या गंधपेशी अशा सर्व अवस्था एकत्र सापडल्या. शाळेत शिकलेला माझा नियम सरसकट खरा नव्हता तर!

पण नुसती पेशी जन्मून भागत नाही. तळपेशीने केव्हा दुभंगावयाचे, किती वेळा, नव्या पेशीने चेतापेशी व्हावयाचे की आधारपेशी, अक्षतंतू कोणत्या दिशेने वाढवावयाचा, जगावयाचे की मरावयाचे, हे सर्व कोण ठरविते? याचे बरेचसे उत्तर वृद्धिघटक या नावाच्या प्रथिनांत दडलेले आहे.

कोंबडीचे अंडे, सापाचे विष आणि उंदराची लाळ

वृद्धिघटकांच्या शोधाची कथा मोठी रंजक आहे. रीटा लेवी-मोंताल्चिनी या इटलीतील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या शास्त्रज्ञ. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाची दारे बंद केली. तेव्हा त्यांनी तूरिन येथील आपल्या घरात, झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर काम चालू ठेवले. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेतील सेंट लुईस येथे गेल्या. उंदराच्या एका अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसविला की आसपासचे चेतातंतू भरमसाट वाढतात, हे त्यांनी बारकाईने तपासले. हा परिणाम अर्बुदातून पाझरणाऱ्या एखाद्या पदार्थाचा असावा असा त्यांचा तर्क होता. काचेच्या बशीत चेतापेशींचा पुंजका आणि जवळ अर्बुदाचा तुकडा ठेवला, तेव्हा एका दिवसात पुंजक्याभोवती सूर्याच्या प्रभावलयासारखे तंतूंचे वलय उभे राहिले!

तो पदार्थ वेगळा करण्याचे काम स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञांकडे आले. पदार्थ न्यूक्लिइक आम्ल आहे की प्रथिन, हे पाहण्यासाठी त्यांनी सापाचे विष वापरले, कारण विषातील विकर न्यूक्लिइक आम्लाचे तुकडे करते. आश्चर्य असे की विष घातल्यावर तंतूंची वाढ थांबण्याऐवजी कितीतरी वाढली. तोच पदार्थ विषातही होता आणि तोही विपुल! सापाची विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच. मग उंदराच्या लाळग्रंथीत शोधू या, असा विचार त्यांनी केला आणि तेथेही तो भरपूर सापडला. याचे नाव चेतावृद्धिघटक. पुढे लाळग्रंथीच्या अर्काने उंदराच्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडतात, हे कोहेन यांच्या ध्यानात आले. त्यातून त्वचेसारख्या अस्तरांच्या पेशी वाढविणारा दुसरा घटक मिळाला. त्यास अधिचर्म-वृद्धिघटक म्हणतात. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वृद्धिघटक काम कसे करतो? तो अन्न नव्हे, निरोप आहे. एका पेशीने सोडलेला हा प्रथिनाचा रेणू दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील त्याच्याच ठराविक ग्राहीला जाऊन चिकटतो. पुष्कळ वृद्धिघटकांच्या बाबतीत दोन ग्राही त्यामुळे शेजारी येतात आणि परस्परांवर फॉस्फेटचे गट चढवितात. मग पेशीत एकामागून एक रासायनिक बदल होत निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो व काही जनुके चालू, तर काही बंद होतात. ज्या पेशीवर ग्राही नाही, तिला निरोप ऐकूच येत नाही. म्हणून एकाच वस्तीत अनेक निरोप फिरत असूनही गोंधळ होत नाही.

नव्या गंधपेशीची शाळा

आता नाकाकडे परत येऊ. पुढील बरीचशी माहिती उंदरांच्या अभ्यासातून व काचपात्रात वाढविलेल्या पेशींवरून मिळाली आहे, हे लक्षात ठेवा.

पहिली इयत्ता म्हणजे दुभंगण्याची. काचपात्रात अधिचर्म-वृद्धिघटक घातला की तळपेशींची संख्या वाढते. चेतापेशी होण्याच्या वाटेवर असलेल्या पूर्वपेशींना तंतुजनक-वृद्धिघटक आणखी काही वेळा दुभंगावयास लावतो. घ्राणपटलाला इजा झाली तर जखमी गंधपेशींतूनच एक घटक बाहेर पडतो व तळपेशींना कामाला लावतो. मरता मरता पुढच्या पिढीला हाक मारावी, तसेच हे.

दुसरी इयत्ता म्हणजे दुभंगणे थांबवून चेतापेशी बनण्याची. येथे टीजीएफ-बीटा या कुळातील घटक महत्त्वाचे ठरतात. काचपात्रात त्यांच्यामुळे नव्या चेतापेशी तयार होण्याचे प्रमाण वाढल्याचे १९९३ मध्ये दाखविण्यात आले. त्याच विस्तृत कुळातील बीएमपी-४ हा घटक फार बोधप्रद आहे. त्याची तीव्रता जास्त असेल तर नव्या चेतापेशी निर्माण होणे थांबते. तीव्रता कमी असेल तर जन्मलेल्या नव्या पेशी अधिक तगतात. तोच रेणू, पण मात्रा बदलली की अर्थ बदलला! जेवणातल्या मिठासारखेच.

तिसरी इयत्ता अक्षतंतू वाढविण्याची. कोवळ्या गंधपेशीला चाळणीच्या छिद्रातून वर जाऊन आपल्याच ग्राहीच्या गुच्छात पोहोचावयाचे असते. वाटेत तंतूंना कवेत घेणाऱ्या आवरणपेशी असतात. त्याही वृद्धिघटक सोडतात व वाट सुकर करतात. इन्शुलिनशी साम्य असलेला एक वृद्धिघटक येथे दिशादर्शक ठरतो. ज्या उंदरांत त्याचा निरोप ऐकणारे ग्राहीच नव्हते, त्यांत काही अक्षतंतू गंधकंदाच्या बाहेरच्या बाजूस न पोहोचता भलतीकडे गेले.

उंदरात पेशी जन्मल्यापासून पक्व होईपर्यंत साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. पण शेवटची परीक्षा अजून राहिलेली असते. गंधकंदाशी जोडणी झाली, तर पेशी दीर्घकाळ जगते. न झाली तर मरते. उंदीरवर्गीय प्राण्यांत गंधकंद काढून टाकला तर असलेल्या पक्व गंधपेशी थोड्याच दिवसांत मरतात. तळपेशी झपाट्याने नव्या पेशी तयार करतात, परंतु त्यांपैकी बहुतेक दोन आठवड्यांच्या आतच नाहीशा होतात. कंदाकडून मिळणारा 'जगत राहा' हा निरोप त्यांना मिळत नाही. चेतावृद्धिघटकाचा भाऊबंद असलेला बीडीएनएफ हा अशा निरोप्यांपैकी एक. तो यीव्ह-अलँ बार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून शुद्ध स्वरूपात मिळविला. त्याचा निरोप ऐकणारे ग्राही गंधपेशींवर असतात.

थोडे गणित

येथे मला एक भौतिकशास्त्राचा प्रश्न पडला. वृद्धिघटकाचा रेणू एका जागेहून दुसरीकडे जातो कसा? पाण्यात शाईचा थेंब पसरतो तसा, विसरणाने. विसरणाला लागणारा वेळ काढण्याचे ढोबळ सूत्र असे: अंतराचा वर्ग करा आणि त्याला विसरणगुणांकाच्या दुपटीने भागा. वृद्धिघटकासारख्या लहान प्रथिनाचा पाण्यातील विसरणगुणांक सेकंदाला सुमारे १०० चौरस मायक्रॉन धरू.

घ्राणपटलाच्या आत ५० मायक्रॉन अंतर जावयाचे असेल, तर ५० चा वर्ग २,५००, भागिले २००, म्हणजे साडेबारा सेकंद. फारच झटपट! आता समजा, गंधकंदातून पेशीच्या मूळ भागापर्यंत १ सेंटिमीटर, म्हणजे १०,००० मायक्रॉन जावयाचे आहे. त्याचा वर्ग १० कोटी, भागिले २००, म्हणजे ५ लाख सेकंद, जवळजवळ पावणेसहा दिवस! अंतर २०० पट झाले, पण वेळ ४०,००० पट झाला. शिवाय उतीमध्ये अडथळे असल्याने प्रत्यक्ष वेळ याहूनही जास्त लागेल, आणि तोवर प्रथिन विरून किंवा नष्ट होऊन जाईल.

यावरून दोन गोष्टी समजतात. वृद्धिघटक हा मुख्यतः शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यावयाचा निरोप आहे. आणि लांबचा निरोप हवा असेल तर निसर्गाला दुसरी सोय करावी लागते. ती सोय म्हणजे अक्षतंतूतील वाहतूक. तंतूच्या टोकाशी निरोप घेतलेले ग्राही लहानशा पिशवीत भरून, प्रथिनांची 'मोटार' ती पिशवी तंतूतील रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून ओढत आणते. वेग तासाला काही मिलिमीटर. म्हणजे पावणेसहा दिवसांचे काम काही तासांत होते.

पाण्याच्या टाकीतला गोळा

आणखी एक कोडे उरते. तळपेशींना कळते कसे, की आता गंधपेशी पुरेशा झाल्या? तुमच्या घराच्या गच्चीवरील टाकीत तरंगता गोळा पाहिला असेल. पाणी वाढले की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी उतरले की नळ उघडतो. यास ऋण प्रतिभरण म्हणतात. घ्राणपटलातील गोळ्याचे काम जीडीएफ-११ नावाचे प्रथिन करते. ते चेतापेशी आणि त्यांच्या पूर्वपेशी स्वतःच तयार करतात, आणि ते पूर्वपेशींना 'आता दुभंगू नका' असे सांगते. गंधपेशी पुष्कळ असल्या की हा निरोप प्रबळ होतो व उत्पादन मंदावते. पेशी मेल्या की निरोप क्षीण होतो व उत्पादन वाढते. २००३ मध्ये हे दाखविणारे प्रयोग प्रसिद्ध झाले. जीडीएफ-११ चे जनुक नसलेल्या उंदरांत गंधपेशींची संख्या वाजवीपेक्षा जास्त आढळली. गोळा काढून टाकला की टाकी वाहणारच!

मग वास का गेला, आणि का परतला?

२०२० मध्ये शास्त्रज्ञांनी असे पाहिले की, कोरोना विषाणूला आत शिरण्यासाठी लागणारे प्रथिन गंधपेशींवर जवळजवळ नसते; ते आधारपेशींवर असते. म्हणजे पहिला घाव आधारपेशींवर बसतो, आणि त्यांचा आधार गेल्याने गंधपेशींचे काम कोलमडते. आधारपेशी लवकर भरून येतात, म्हणून पुष्कळांचा वास काही आठवड्यांत परत आला. ज्यांच्या गंधपेशीही गेल्या, त्यांना नवी पिढी तयार होऊन तिची जोडणी होईपर्यंत थांबावे लागले.

काहींचा वास मात्र वर्ष उलटले तरी आला नाही. अशा काही रुग्णांच्या घ्राणपटलात दाह करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडून बसल्याचे आणि गंधपेशी कमी झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शिवाय इजा इतकी खोल असेल की तळपेशीच नष्ट झाल्या, तर त्या जागी साधे श्वसनमार्गाचे अस्तर येते. बियाणेच नसेल तर नुसत्या पावसाने पीक येत नाही.

तुम्ही विचाराल, मग वृद्धिघटकाचे थेंब नाकात टाकले तर? संशोधक त्या दिशेने विचार करीत आहेत. परंतु वर पाहिलेच की मात्रा, जागा आणि वेळ चुकली तर तोच घटक उलटे काम करतो. पेशींना सतत 'दुभंगा' म्हणत राहणे तर धोक्याचेच, कारण कर्करोगात असेच निरोप बेबंद झालेले असतात. तूर्त उपलब्ध असलेला साधा उपाय म्हणजे गंध-सराव. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज दोन वेळा, बारा आठवडे लक्षपूर्वक हुंगावयाचे. सर्वांना नाही, पण अनेकांना त्याचा लाभ होतो. मीही लवंगेची डबी जवळ ठेवली होती. माझा वास तिच्यामुळे आला की आपोआप, हे मात्र मी सांगू शकत नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

करून पाहा

चायना ग्रास पाण्यात उकळून एका पसरट बशीत गोठवा. मध्यभागी पेनाच्या टोपणाने लहानसा खड्डा करून त्यात खाण्याच्या रंगाचा गडद थेंब भरा. बशी झाकून ठेवा. खड्ड्याच्या कडेपासून रंग किती मिलिमीटर पुढे गेला, ते एक तासाने, चार तासांनी आणि नऊ तासांनी मोजा. चौपट वेळात अंतर चौपट झाले का? की जवळजवळ दुप्पटच? वेळ आणि अंतराचा वर्ग यांचा आलेख काढून पाहा व वरच्या गणिताशी त्याचा संबंध जोडा.

आणि हो, आज घरी गेल्यावर फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरात क्षणभर उभे राहा. तो वास तुमच्यापर्यंत पोहोचविणाऱ्या पेशींपैकी काही कदाचित गेल्या महिन्यात जन्मल्यादेखील नव्हत्या.